बाटलीत काही आलं नाही

जे मी बायकोला सांगितलं नाही, ज्यांच्या लॅबमध्ये उभी हयात घातली त्या मॅडमना सांगितलं नाही, आणि रफीकला तर — रफीकला सांगायचं म्हणून कितीदा त्याच्या दुकानापर्यंत गेलो आणि गाडीच्या बॅटरीत पाणी टाकून घेऊन परत आलो — ते आज तुम्हाला सांगायला बसलोय. तुमची-माझी ओळख नाही. कदाचित म्हणूनच जमेल.

पण आधी मला थोडी फुशारकी मारू द्या. ती मारल्याशिवाय ही गोष्ट सुरूच होत नाही. आणि खरं सांगू? मला ती मारायला आवडते. वय झालं तरी खोड जात नाही.

मी यवतमाळात एका खासगी लॅबमध्ये कल्चरचं काम करतो. कल्चर म्हणजे रक्त, लघवी, पू, जे काही येईल त्यातले जंतू वाढवून बघायचे. वाढलेच तर ते कोणते आणि कोणत्या औषधाने मरतात, ते डॉक्टरला सांगायचं. शेजारच्या टेबलावरचा माणूस साखर तपासतो, हिमोग्लोबिन बघतो, त्याचं काम मशीन करतं. माझं काम हात करतो. सगळा खेळ स्वच्छतेचा. रोग्याच्या रक्तात नसलेला एखादा जंतू हवेतून, कातडीवरून किंवा काम करणाऱ्याच्या तोंडातून बाटलीत पडला की बाटली खराब झाली. मग वाढलेला जंतू रोग्याचा की आपला, हेच कळत नाही. आणि माझ्या हातून बाटली खराब होत नसे. होतच नसे. मॅडम — आमच्या पॅथॉलॉजिस्ट, लॅबच्या मालकीणबाई — पाहुण्यांना आधी माझं टेबल दाखवायच्या, मग चहा.

आता विचारा, यवतमाळसारख्या ठिकाणी त्या काळात हे कसं जमायचं? सांगतो ना. जंतू वाढवायच्या प्लेटमध्ये मेंढीचं ताजं रक्त घालावं लागतं. मोठ्या शहरात ते आयतं येतं. मी आर्णी रोडला एका धनगराकडे जायचो, मेंढीच्या मानेतून सुईने रक्त घ्यायचो आणि काचेचे मणी टाकलेल्या बाटलीत ते हलवत राहायचो, म्हणजे गोठत नाही. हलवत-हलवतच ऑटोत बसून लॅबला यायचो. ऑटोवाल्याला वाटायचं मी ताक घुसळतोय. त्या रक्ताच्या प्लेटा मी ओतायचो तेव्हा एक बुडबुडा सापडला तर हात कापून दिला असता.

आणि वीज? भारनियमनाची वर्षं होती ती. जंतूंना चोवीस तास माणसाच्या अंगाएवढी ऊब लागते, आणि आमच्याकडे लाइट दिवसदिवस गायब. इथे रफीक येतो.

रफीक माझा शाळेपासूनचा दोस्त. स्टँडजवळ त्याचं बॅटरी-डायनामोचं दुकान आहे. त्याने आमच्या इन्क्युबेटरला ट्रकची जुनी बॅटरी आणि कुठूनतरी काढलेला इन्व्हर्टर जोडून दिला. लाइट गेली की तो डबा आपोआप बॅटरीवर जायचा, काटा जागचा हलायचा नाही. रफीकही काही कमी मिजासखोर नाही. दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला सांगायचा की यवतमाळातले सगळे जंतू त्याच्या बॅटरीवर जगून राह्यले. आम्ही दोघं मिळून फुगायचो, आणि का नाही फुगायचं?

कारण ती वर्षंच तशी होती. कापसाचं जे काही झालं ते तुम्ही पेपरात वाचलंच असेल. त्यावर मी बोलणार नाही, ज्यांच्यावर गुदरलं त्यांनी बोलावं. पण बाहेरून कॅमेरे घेऊन माणसं यायची, आमच्याकडे बघून जीभ टाळूला लावून च्च-च्च करायची. मी नागपूरला एका ट्रेनिंगला गेलो होतो, तर तिथल्या एकाने अगदी मायेने विचारलं की तुमच्याकडे इन्क्युबेटर आहे का हो? मायेने विचारलं, म्हणून जास्त झोंबलं. यवतमाळचा आहे म्हटलं की लोकांच्या चेहऱ्यावर जी दया यायची ना, तिचा मला संताप यायचा. अजूनही येतो. माझं टेबल हे त्या दयेला माझं उत्तर होतं.

एवढं समजलं ना? मग पुढचं समजेल. माफ करा असं म्हणत नाही, फक्त समजेल.

रफीकची धाकटी बहीण रेहाना. आमच्या समोरच वाढली. लहानपणी तिला सारखा घसा यायचा, मग एका वर्षी सांधे सुजले, गुडघा उतरला की कोपर, कोपर उतरलं की मनगट. डॉक्टरने तेव्हा वाताचा ताप म्हटलं होतं आणि काही वर्षं इंजेक्शनं घ्यायला सांगितली होती. ती थोडी घेतली, थोडी राहिली, पोर उड्या मारू लागली आणि सगळे विसरले. मोठी होऊन ती शिवणकामात अशी निघाली की मोहल्ल्यातल्या अर्ध्या बायकांचे ब्लाउज तिच्याकडे. माझा लॅबचा पांढरा कोटही तिनेच शिवलेला. विकतच्या कोटाचा खिसा पेनाच्या भाराने लोंबतो, तिने आतून दुहेरी अस्तर लावून दिलं होतं. मला ती विजूभैया म्हणायची. लग्न ठरलं होतं, तारीख काढायची होती.

आणि तिला ताप येऊ लागला. मोठा नाही, संध्याकाळचा, बारीक. मलेरियाची औषधं झाली, आणखी काय काय झालं. वजन उतरलं. शेवटी आमच्या गावातल्या एका फिजिशियनकडे नेलं. भला माणूस. त्याने छातीला नळी लावली तर ठोक्याबरोबर काहीतरी सूं-सूं ऐकू आलं. त्याला शंका आली. पण त्या सूं-सूंचा नीट तपास तेव्हा नागपूरला जाऊन करावा लागायचा. त्याने रफीकला सांगितलं की आधी रक्ताचं कल्चर करू, त्यात जंतू आले तर उद्याच्या उद्या नागपूर, नाही आले तर इथेच टायफॉइड धरून औषध देतो.

म्हणजे सगळं कशावर येऊन थांबलं, तर माझ्या बाटलीवर. रफीक तिला स्वतः घेऊन आला. म्हणाला, विजू, तूच काढ.

रक्त काढण्याचा माझा एक नियम होता, नव्या पोरांनाही मी तोच शिकवायचो. कल्चरचं रक्त काढताना तोंड बंद. आपल्या सगळ्यांच्या तोंडात कोट्यवधी जंतू असतात. त्यातली स्ट्रेप्टोकोकसची एक जमात तर दात आल्यापासून दातांवर घर करून राहते. सकाळी दातांवरून जीभ फिरवली की जो बुळबुळीत थर लागतो ना, तो त्यांचाच. तिथे ते निरुपद्रवी असतात. पण बोलताना उडालेला थुंकीचा एक कण सुईवर पडला, तर बाटलीत तेच वाढतात. म्हणून तोंड बंद. त्या काळात मास्क कोण लावत होतं?

रेहाना घाबरली होती. शीर बारीक, मिळेना. मी तिच्या कोपरावर वाकलो आणि — बोलत राहिलो. तिला हसवत राहिलो. रफीकने लहानपणी शेळीला सायकलच्या डायनामोचा झटका दिला होता ती गोष्ट सांगितली. ती हसली, रफीक हसला, मीही हसलो. सुई गेली, रक्त आलं. पद्धत अशी की दुसऱ्या हातातून आणखी एक बाटली घ्यायची. दोन्हींत एकच जंतू आला तर तो रोग्याचा, एकातच आला तर शंका. पण पहिल्या बाटलीनंतर तिला घेरी आली. मी म्हटलं, जाऊ दे, दुसरी उद्या घेऊ. ती उद्या मी कधी आणलीच नाही.

आणखी एक गोष्ट त्या खुर्चीत झाली. ती मी थोड्या वेळाने सांगतो. सांगणार आहे — टाळत नाहीये.

बाटली रफीकच्या बॅटरीवरच्या डब्यात गेली. रक्त खाली बसलं, वर पिवळसर पाणी. पहिले दिवस काही नाही. मग एका सकाळी मी बाटली उजेडात धरली आणि खाली बसलेल्या तांबड्या थरावर बारीक पांढरे ठिपके दिसले. बोंड फुटताना जेवढा कापूस बाहेर डोकावतो तेवढे, त्याहूनही लहान. स्ट्रेप्टोकोकस असाच वाढतो. मी प्लेटवर लावला. दुसऱ्या दिवशी प्लेटवर दवासारखे थेंब, आणि प्रत्येकाभोवती हिरवट कडं. काचेवर घेऊन रंगवला. सूक्ष्मदर्शक दुर्बिणीत जांभळ्या मण्यांच्या लांबच लांब माळा. इतकं सुंदर रंगकाम माझ्या हातून त्याआधी झालं नव्हतं, हेही सांगून टाकतो.

तोंडातली जमात.

माझ्या मनात पहिलं काय आलं असेल? रेहाना? नाही हो. माझ्या मनात आलं — ही माझी थुंकी आहे.

मी बोललो होतो. नियम मोडला होता. आणि नेमका तोच आठवडा होता. नागपूरची एक मोठी लॅब आमची लॅब स्वतःच्या हाताखाली घ्यायला बघत होती. म्हणजे कल्चरचं टेबल बंद, इथे फक्त रक्त काढायचं आणि बर्फाच्या डब्यात घालून नागपूरच्या गाडीला द्यायचं. मॅडम डळमळत होत्या. त्यांचा माणूस पाहणीला आला होता आणि मी त्याच्यासमोर छाती काढून सांगितलं होतं की या टेबलावर बाटली खराब होत नाही, पाहिजे तेवढे दिवस बसा आणि बघा. तो खरंच बसला होता. त्या दिवशी तो बाहेर मॅडमच्या केबिनमध्ये होता, आणि माझ्या हातात माझीच थुंकी वाढलेली बाटली.

बरोबर वागणं काय होतं, हे मला माहीत नव्हतं असं समजू नका. पोटापाण्याचं काम आहे, झोपेतही सांगेन. डॉक्टरला फोन करायचा — साहेब, एका बाटलीत स्ट्रेप्टोकोकस आलाय, खरा असेल किंवा माझी चूक असेल, पोरीला पाठवा, दोन्ही हातांतून पुन्हा घेतो. एवढंच. एक फोन. फक्त त्या फोनमध्ये 'माझी चूक' हे दोन शब्द होते.

फोन डॉक्टरचाच आला. त्यांनी विचारलं, "रेहानाच्या बाटलीत काही आलं का?"

"नाही सर. बाटलीत काही आलं नाही."

माझा आवाज कापला नाही. उलट, सांगायला लाज वाटते, तो जरा रुबाबातच होता. दार उघडं होतं, नागपूरवाला ऐकत होता.

टायफॉइडचं औषध सुरू झालं. आणि ताप उतरला. रफीक जिलेबी घेऊन लॅबमध्ये आला, सगळ्यांना वाटली, नागपूरवाल्यालाही दिली. मीही खाल्ली. मनात म्हटलं, बघ, तुझीच थुंकी होती, उगाच पोरीला नागपूरला पळवलं असतंस. मी स्वतःवर खूश झालो. नागपूरवाला गेला. आमचं टेबल राहिलं.

इथे मी थांबलो तर ही नुसती एका चुकीची गोष्ट होईल. माणूस चुकतो, गर्वाने चुकतो, तुम्ही मान डोलवाल आणि सोडून द्याल. म्हणून थांबत नाही.

औषध संपलं आणि थोड्याच दिवसांत ताप परत आला. रफीकने दुकानातून ओरडून सांगितलं, जाता-जाता, जसं आपण पावसाचं सांगतो तसं. मी गाडी थांबवली नाही. पण लॅबपर्यंतच्या त्या रस्त्यात मला सगळं कळलं. अगदी सगळं.

तुम्हाला समजावून सांगतो. तुमच्या घरी पाण्याचा रांजण असेल किंवा गच्चीवर टाकी. आतून हात लावा, बुळबुळीत लागतं. कितीही पाणी ओता, बदला, तो थर जात नाही, घासावाच लागतो. जंतू सुटे-सुटे असतात तेव्हा औषधाने मरतात. पण एकदा का ते कशाला तरी चिकटले की स्वतःभोवती असा चिकट थर विणतात आणि त्याच्या आत बसून राहतात. रक्तातून औषध येतं, वरवरचे मरतात, ताप उतरतो, माणूस जिलेबी वाटतो. आतले जिवंतच. औषध बंद झालं की थरातून पुन्हा बाहेर. दातांवर हा थर असला तर दात किडतो, एवढंच. पण ज्याच्या हृदयाची झडप लहानपणीच्या वाताच्या तापाने खरबरीत झालेली आहे, त्याच्या रक्तात हे तोंडातले जंतू शिरले, तर त्यांना बसायला आयती जागा मिळते. मग तो थर झडपेवर वाढतो. तिथे घासणी चालत नाही. आठवडेच्या आठवडे शिरेतून मोठं औषध द्यावं लागतं, आणि तेही वेळेवर.

लहानपणचे सुजलेले सांधे मी स्वतः पाहिले होते. छातीतली सूं-सूं डॉक्टरने ऐकली होती. आणि जंतू तोंडातलेच होते, पण रक्तात शिरले कुठून?

आता ती खुर्चीतली गोष्ट. मी सुई घेऊन वाकलो होतो, शेळीची गोष्ट अजून सुरू व्हायची होती, तेव्हा रेहाना म्हणाली, "भैया, दाढ काढली ना, तवापासून बुखार उतरूनच नाही राह्यला."

ऐकलं होतं मी. नीट ऐकलं होतं. वर म्हटलं होतं की दाढ गेली तर अक्कलही गेली असेल. ती हसली होती. माझी थुंकी म्हणून ज्या जंतूवर मी झाकण घातलं, त्याचा पत्ता — दाढेची ती जखम — तिने मला सुई लागायच्या आधीच सांगितला होता. आणि मी — जंतूंचा जाणकार, ज्याचं टेबल पाहुण्यांना आधी दाखवतात तो मी — त्यावर विनोद केला होता.

त्या दिवशी लॅबमध्ये पोचलो तेव्हा ती प्लेट फ्रिजमध्ये जिवंत होती. का ठेवली होती विचाराल, तर हिरवी कडी इतकी सुरेख आली होती की शिकाऊ पोरांना दाखवायला म्हणून मी ती नव्या प्लेटवर उतरवून-उतरवून जगवली होती. म्हणजे पुरावा म्हणा, औषध निवडायचं साधन म्हणा, जे म्हणायचं ते म्हणा, माझ्या हातात होतं. फोन समोर होता. ताप नुकताच परतला होता. रेहाना घरी मशीनवर बसून शिवत होती. दिवस हातात होते. नागपूर काही चंद्रावर नाही, एसटी दर अर्ध्या तासाला सुटते.

मी प्लेटा ऑटोक्लेव्हमध्ये टाकल्या. तो म्हणजे वाफेचा मोठा कुकर, त्यात काही जिवंत राहत नाही. झाकण लावलं, पेच आवळले, शिट्टी होईपर्यंत शेजारी उभा राहिलो. मग नवीन प्लेटा ओतायला घेतल्या. एकही बुडबुडा आला नाही.

पहिल्यांदा मी खोटं बोललो तेव्हा मला वाटत होतं की जंतू माझा आहे. दुसऱ्यांदा गप्प बसलो तेव्हा मला माहीत होतं की तो तिचा आहे. या दोन्हींत फरक आहे ना? आहे. इतकी वर्षं मी स्वतःला फक्त पहिली गोष्ट सांगत आलो.

पुढचं थोडक्यात सांगतो, कारण ते मी पाहिलं नाही, ऐकलं. झडपेवरच्या थराचा एक तुकडा सुटला आणि रक्तातून जाऊन मेंदूत अडकला. रेहाना कापड बेतत होती. कात्री हातातून पडली, ती उचलायला वाकली आणि हात हलेना. उजवा. तोंड वाकडं झालं. डॉक्टरने तडक नागपूरला पाठवलं. तिथे त्यांनी बाटल्या घेतल्या आणि सगळ्या बाटल्यांत तोच आला. झडप पाहिली तर तिच्यावर त्या थराची साय धरलेली. आठवडेच्या आठवडे शिरेतून औषध, मग ऑपरेशन, झडप बदलली. जगली. पाय पुष्कळ सुधारला, जरासा ओढतो. हात गेला तो गेला. लग्न मोडलं, त्यांच्याकडून आलेल्या निरोपात कारणही नव्हतं.

रफीक नागपूरहून आला तो सरळ माझ्याकडे. दाढी वाढलेली, डोळे आत गेलेले. मला वाटलं, आता कळलंय. आता हा माझी कॉलर धरेल. आणि खरं सांगतो, मला बरं वाटलं असतं. पण तिथल्या डॉक्टरांनी त्याला विचारलं होतं की यवतमाळला कल्चर झालं होतं का, आणि यवतमाळच्या लॅबचं काय खरं, असं त्यांच्यातलं कुणीतरी हसून बोललं होतं. ते त्याला डाचत होतं. बहीण आत झोपलेली असताना तो माझ्यासाठी भांडून आला होता.

"मी त्यायले तोंडावर सांगतलं," तो म्हणाला, "तुमच्या मशीनी मोठ्या असतीन, पण आमच्या विजूच्या हातून चूक नाही होत. त्यानं काही नाही आलं म्हणलं, म्हंजे तवा नव्हतंच काही."

मी काय म्हणालो असेन? मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. चहा मागवला. सुरुवातीला जंतू कमी असतात, कधीकधी सापडत नाहीत, असं काहीतरी शास्त्रातलं बोललो. ते खोटंही नव्हतं, होतं असं कधीकधी. त्याला पटलं. त्याला इतकं पटलं की आजही तो नातेवाइकांना धरून माझ्या लॅबमध्ये आणतो आणि दारातच सांगतो, इथं चूक नाही होत.

पुढे मी कल्चर विभागाचा प्रमुख झालो. दरवर्षी नवी पोरं शिकायला येतात, झरी-महागावसारख्या आतल्या तालुक्यांतलीही असतात, भीत-भीत बोलतात. मी त्यांना घडवतो. त्यातली काही आज नागपूर-पुण्याच्या लॅबा चालवतात आणि तिथे कुणी यवतमाळचं नाव ऐकून च्च-च्च करत नाही. एकदा शाल-नारळ देऊन माझा सत्कार झाला. मॅडम भाषणात म्हणाल्या की पडत्या काळातही या टेबलाने मान खाली घालू दिली नाही. रफीक पहिल्या रांगेत होता, त्याच्या शेजारी रेहाना. सगळे टाळ्या वाजवत होते. तिने डावा हात मांडीवर थोपटला.

मला अभिमान वाटला. त्या क्षणीसुद्धा वाटला, हे लपवत नाही. या हाताचा मला आजही अभिमान आहे. तो चांगला हात आहे. त्यानेच प्लेटा शिजवल्या.

रेहाना आता शिवण शिकवते. डाव्या हाताने खडू धरून कापडावर रेघा मारते आणि पोरींकडून कापून घेते, टाका वाकडा गेला तर उसवायला लावते. तिच्या हाताखालच्या पोरी तिला टरकून असतात. तिचा ताठा बघून रफीक म्हणतो की ही तुझ्यावर गेली. माझा कोट विरला तेव्हा नवा तिनेच पोरींकडून शिवून पाठवला. खिशाला दुहेरी अस्तर आहे.

एक राहिलं. प्लेटा मी नष्ट केल्या, पण ती रंगवलेली काच मात्र टाकवली नाही. तसं रंगकाम पुन्हा जमलं नाही मला. लाकडी पेटीत ती पहिल्या खाचेत असते, नाव नाही, काही नाही. दरवर्षी नव्या पोरांना पहिली काच मी तीच दाखवतो. माळ कशी असावी, रंग कसा बसावा, ते त्यांना तिच्यावर शिकवतो. यंदाही दाखवली. महागावची एक मुलगी बराच वेळ दुर्बिणीला डोळा लावून बसली होती. डोळा न काढता तिने विचारलं, "सर, ही कोणाच्या तोंडातली?"

"माझ्या," मी म्हणालो.

दरवर्षी हेच सांगतो. ती रेहानाच्या रक्तातली आहे.